दोघांत एक गोळी

नोकरी लागली तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि वडील जाऊन आठ वर्षं झाली होती. ते सांगलीकडून देवासला कारखान्यात फिटर म्हणून आलेले. एकदा पहिल्या पाळीत त्यांच्या छातीत कळ आली. सोबतच्यांनी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून दिला. थोडं बरं वाटतंय म्हणून ते पुन्हा मशीनपाशी उभे राहिले आणि जेवणाच्या सुट्टीआधीच गेले. सेहेचाळिसावं चालू होतं. शुगर नव्हती, अंगानं जाड नव्हते, विडी मात्र होती. "कशामुळे हो?" असं आई पुढची दोन वर्षं भेटेल त्याला विचारत होती. नीट उत्तर कुणाला देता आलं नाही.

म्हणून शहरातल्या एका हृदयरोगाच्या डॉक्टरांकडे नव्या औषधाचा अभ्यास सुरू होतोय, त्यांना बी.एस्सी. झालेली मुलगी हवी आहे, असं कानावर आलं तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी जाऊन उभी राहिले. काम असं होतं : ज्यांना एकदा झटका येऊन गेलाय त्यांना नेहमीच्या औषधांबरोबर एक नवी गोळी द्यायची. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून ती होती. निम्म्या लोकांच्या डबीत खरं औषध, निम्म्यांच्या डबीत दिसायला हुबेहूब तशीच पण आत काही नसलेली गोळी. कुणाच्या वाट्याला काय आलं ते रोग्याला ठाऊक नाही, डॉक्टरांना नाही, मलाही नाही. डबीवर फक्त नंबर. मी घरोघर जायचं, ब्लडप्रेशर, वजन, कंबरेचं माप घ्यायचं, डबीत उरलेल्या गोळ्या मोजून लिहायच्या आणि नवी डबी देऊन यायचं.

धारचे काका आमच्याकडे आले ते लेकीमुळे. लेक देवासला दिलेली. तिच्याकडे राहायला आले असताना त्यांना झटका आला आणि वेळेत आणल्यामुळे ते वाचले. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी जन्मभर कंपाउंडरकी केली होती. बरीच वर्षं धरमपुरीला, शेवटची धारला. घराणं धारच्या पवारांच्या राज्यात कधीतरी आलेलं, त्यामुळे मराठी आमच्यापेक्षा जुनी आणि स्वच्छ.

संमतीचा कागद अकरा पानांचा होता, हिंदीत. तो मी त्यांच्या खाटेपाशी वाचायला घेतला तसा त्यांनी हात वर केला.

"सरकारी कामात सगळं हिंदीतच लिहिलं मी. पण सही समजून करायची असते, आणि समजतं मला मराठीत."

मग दोन दिवस बसून मी त्याचं मराठी केलं. माझं सगळं शिक्षण हिंदी शाळेत झालेलं. घरी बोलायचो तेवढीच मराठी. काकांनी पेन्सिल घेतली आणि माझ्या अकरा पानांवर मास्तरासारखी फिरवली. "घबराहट होते का" हे खोडून "धडधडतं का" असं केलं. मी "नकली गोळी" लिहिलं होतं, तिथं त्यांची पेन्सिल थांबली.

"नकली म्हणजे फसवणूक. तुम्ही तर आधीच सांगून टाकताय. कोरी गोळी म्हण."

"कोरी गोळी," मी लिहिलं.

"आणि कुणाला कोरी, कुणाला भरलेली, हे डॉक्टरांनाही माहीत नाही?"

"नाही, काका. प्रत्येक नंबरचं एक बंद पाकीट डॉक्टरांच्या कपाटात आहे. जिवावर बेतलं तरच फोडायचं."

त्यांनी मान हलवली आणि सही केली. देवनागरीत, पूर्ण नावानिशी.

काकू तेव्हा पायाशी बसल्या होत्या. ठेंगण्या, शांत. त्या म्हणाल्या, "आमच्या धारला देवीच्या टेकडीवर चढताना मलाही छातीत भरून येतं हो. मधेच बसावं लागतं." डॉक्टरांनी लगेच त्यांचा कार्डिओग्राम काढायला सांगितला. पट्टी त्यांनी दोनदा पाहिली. काकूंना कधीतरी झटका येऊन गेला होता आणि कुणाला, खुद्द त्यांनाही, कळलं नव्हतं. झटका आलेला, म्हणजे अभ्यासात बसण्यासारख्या. काका खूश झाले. "दोघांचीही दोरी एकाच खुंट्याला," म्हणाले.

पण रक्ताचा रिपोर्ट आला त्यात मूत्रपिंडांचं काम कमी झालेलं दिसलं. हे औषध मूत्रपिंडांतून बाहेर पडतं. ती थकलेली असली तर औषध अंगात साठतं आणि रक्तस्राव होऊ शकतो. नियम सरळ होता. त्यांच्या फॉर्मवर "अपात्र" मी लिहिलं, माझ्या हातानं.

"मला नाही का मग?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू, किडनीचं आहे. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आहे, इंदूरला दाखवा."

चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवली आणि मी पुढची फाईल उघडली. बाहेर बाकावर आणखी सातजण होते. चिठ्ठीचं पुढे काय झालं, हे विचारायचं माझ्या कामात कुठं लिहिलेलं नव्हतं, आणि मी विचारलं नाही.

त्यानंतर वर्षभर मी दर महिन्याला धारला जात राहिले. सकाळची बस, इंदूरला गाडी बदलायची, धारच्या स्टँडवरून ऑटो. काकांचं घर दोन खोल्यांचं, पुढे ओटा. मी गेले की काका दोन्ही बाह्या वर करून तयार. काकू पोह्यांवर शेव घालून पुढे ठेवायच्या. काका माझ्या मराठीत चुका काढायचे, मग धरमपुरीच्या बाजूच्या एका बैलाची गोष्ट सांगायचे, ज्याला औषध पाजताना त्यांचे दोन दात गेले होते. डबी उघडून मी गोळ्या मोजायची. दर वेळी हिशेब चोख. अठ्ठावीस दिवस झाले तर अठ्ठावीस गोळ्या गेलेल्या. एक कमी नाही, एक जास्त नाही. बाकी सगळ्यांच्या डब्यांत काही ना काही उरायचं. कुणी लग्नाला गेलं, कुणी विसरलं, कुणी चतुर्थीला औषध चालत नाही म्हणालं. डॉक्टर इतरांना सांगायचे, "धारवाले काका बघा."

काकूही बऱ्या दिसायच्या. एकदा म्हणाल्या, "परवा टेकडीवर न बसता गेले. वरपर्यंत." मला आनंद झाला. वाटलं, इंदूरच्या डॉक्टरांचा गुण आला.

ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी ठरल्यापेक्षा लवकर पोचले. इंदूरहून एक जीप थेट मिळाली होती. दार उघडंच होतं. काका पाटावर बसलेले, समोर काचेचा एक तुकडा, त्यावर पांढरी गोळी. दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा चिमटीत धरून, जीभ दातांत दाबून त्यांनी गोळी बरोबर मधोमध कापली. काचेवर सांडलेला चुरा बोटाच्या टोकानं टिपला, तोही दोन्हीकडे सारखा ठेवला. काकू समोर बसल्या होत्या. त्यांनी तळहात पुढे केला. काकांनी एक अर्धी त्यांच्या हातावर ठेवली, एक स्वतःच्या तोंडात टाकली, आणि दोघं एकाच तांब्यातलं पाणी प्याले.

मी दारातच उभी होते. आधी काकूंनी पाहिलं.

"ये गं," त्या म्हणाल्या. तोंडात अजून पाणी होतं.

काकांनी पातं खाली ठेवलं. लपवायचा प्रयत्न केला नाही. "बस," म्हणाले. मी बसले नाही.

"कधीपासून, काका?"

"पहिल्या डबीपासून."

"अहो, काकूंना ही गोळी का दिली नाही ते डॉक्टरांनी..."

"सांगितलं होतं. किडनी थकलेली आहे, पूर्ण मात्रा झेपायची नाही. म्हणून तर अर्धी. चाळीस वर्षं मात्रा मोजल्या मी. म्हशीची वेगळी, पारडाची वेगळी. मला कळतं ते."

"आणि इंदूर?"

काकूच बोलल्या. "इंदूरला गेलोच नाही. हे तेव्हा नुकते उठलेले, एवढ्या गर्दीत कुठं न्यायचं यांना? मग म्हटलं, जाऊ पुढच्या महिन्यात. मग बरंच वाटायला लागलं."

त्यांनी पदर सावरला तेव्हा हातावर कोपराच्या वर एक निळा-काळा डाग दिसला, पेढ्याएवढा. मी विचारलं तर म्हणाल्या, घागर लागली असेल. रक्त पातळ झाल्याचं ते लक्षण असू शकतं, हे मला शिकवलेलं होतं.

"काका, हे मला लिहावं लागेल."

"बाळ," ते म्हणाले. मला ते नेहमी ताई म्हणायचे, बाळ त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले. "लिहिलंस तर माझी डबी बंद होईल."

"हो."

"म्हणजे दोघांचीही."

मी ओट्यावर जाऊन बसले. खूप वेळ बसले. समोरच्या घरातल्या बाई मला हिंदीत विचारून गेल्या, तब्येत ठीक आहे ना. मनात येत होतं, माझे वडील असते आणि आईनं असंच काही केलं असतं, तर मी काय केलं असतं? आणि हेही येत होतं, की ते "अपात्र" मी लिहिलं, चिठ्ठी मी हातात कोंबली, वर्षभर मी याच घरात पोहे खाल्ले आणि एकदासुद्धा विचारलं नाही, काकू, इंदूरला गेलात का. आत गेले तेव्हा काकांच्या कागदावर मी झालं ते सगळं लिहिलं. त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी या वेळी पेन्सिल घेतली नाही.

"चला," मी म्हटलं. "दोघंही माझ्याबरोबर देवासला चला. आत्ता."

डॉक्टर ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी काकूंचा हात हातात घेऊन तो डाग पाहिला, रक्त काढायला सांगितलं आणि मला आत बोलावलं. "अपात्र लिहून आपण मोकळे झालो," एवढंच म्हणाले. आपण म्हणाले, तू म्हणाले नाहीत. ते मी विसरलेले नाही.

संध्याकाळी रिपोर्ट आला. मूत्रपिंडं वर्षापूर्वीपेक्षा बरीच खालावली होती. ते आपोआप झालं की गोळीनं, हे सांगायला एकच रस्ता होता. डॉक्टरांनी मुंबईला फोन लावला, अभ्यास जिथून चालायचा तिथं. पलीकडचा माणूस पाकीट फोडायला तयार होईना. रोगी तर ठीक आहे ना, त्याची बायको अभ्यासात नाहीच, असं काहीतरी म्हणत असावा. डॉक्टरांचा आवाज पहिल्यांदाच चढलेला ऐकला मी. "ती माझ्या दवाखान्यात बसली आहे. तिच्या अंगात काय गेलंय ते मला कळलं पाहिजे." शेवटी परवानगी मिळाली.

बाहेरच्या बाकावर काका भिंतीला डोकं टेकून बसले होते. मला बघून हळूच म्हणाले, "वर्षभर रोज म्हणत होतो, देवा, आमची डबी भरलेली निघू दे. आज म्हणतोय, कोरी निघू दे. खरी निघाली तर मीच हिला..." काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, लहान मुलाला थोपटावं तसा.

दोघांना आत बोलावून डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच पाकीट फोडलं. आतला कागद वाचला आणि माझ्याकडे दिला. मराठीत सांग, म्हणाले.

"कोरी आहे, काका."

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हुंदके देऊन रडायला लागले. इतका वयस्क पुरुष असा रडताना मी कधी पाहिला नव्हता. सुटल्यासारखे रडत होते. काकू मात्र कपाळाला आठी घालून विचारात पडल्या होत्या.

"म्हणजे त्या गोळीत काहीच नव्हतं?"

"काहीच नव्हतं, काकू."

"मग टेकडी मी माझ्याच पायांनी चढले?"

डॉक्टर हसले. त्या दिवसातलं तेवढंच हसणं. मग गंभीर होऊन त्यांनी समजावलं. हातावरचा डाग घागरीचाच असेल, पण दुखणं गेलेलं नाही. मनानं उभारी धरली म्हणून पाय चालले, हृदय आणि मूत्रपिंडं दोन्हींना खरं औषध लागणार आहे. दुसऱ्या दिवशी मी स्वतः काकूंना इंदूरच्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. ब्लडप्रेशर बरंच वाढलेलं निघालं. वर्षभर वाढलेलं असणार. दर महिन्याला मी त्या घरात ब्लडप्रेशरचं यंत्र घेऊन गेले होते आणि पट्टा फक्त काकांच्या दंडाला बांधून परत आले होते.

काकांची गोळी बंद झाली, पण नियमाप्रमाणे त्यांची विचारपूस अभ्यास संपेपर्यंत करायची होती. म्हणून माझं जाणं सुटलं नाही, फक्त महिन्याऐवजी चार महिन्यांनी झालं. त्या दिवसानंतर डॉक्टरांनी एक वेगळी वही केली. ज्याला ज्याला अपात्र म्हणून परत पाठवलं, त्याचं पुढे काय झालं ते त्यात लिहायचं. मुंबईला त्या वहीचं काही देणंघेणं नव्हतं. वही मी सांभाळायची. कितीतरी जणांना मी हाताला धरून दुसऱ्या दवाखान्यात नेलं. काही वाचले, काही नाही. एका बाईंच्या घरी मी पोचले तेव्हा दारात मांडव होता तेराव्याचा.

अभ्यास संपल्याचं पत्र आलं त्यात लिहिलं होतं की खऱ्या गोळीनं थोडा फायदा दिसला आणि काहींना रक्तस्रावाचा त्रासही झाला. डॉक्टरांनी काकांना बाजारात मिळणारं जुनं, ओळखीचं औषध चालू ठेवलं. ते त्यांना मानवलं.

काकू आणखी चार वर्षं जगल्या. शेवटचं वर्ष वाईट गेलं, आठवड्यातून दोनदा इंदूरला डायलिसिसला न्यावं लागे. लेक नेई, कधी कधी मी जाई. सुई टोचलेली असताना त्या मला मराठीतलं कुठलं तरी स्तोत्र म्हणायला लावायच्या, आणि मी अडखळले की डोळे मिटूनच पुढचा शब्द सांगायच्या. त्या गेल्या तेव्हा मी देवासला होते. निरोप दुसऱ्या दिवशी मिळाला.

दिवस झाल्यावर मी धारला गेले. काका ओट्यावर बसले होते. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. अभ्यास संपून वर्ष होऊन गेलं होतं, माझ्याकडे भरायला कुठला कागद नव्हता, तरी यंत्र मी बरोबर नेलं होतं. मी त्यांच्या शेजारी बसले.

मग ते म्हणाले, "ताई, एक विचारू? तेव्हा पहिल्या दिवशीच इंदूरला नेलं असतं, तर?"

आईचा प्रश्न मला आठवला. कुणीच उत्तर न दिल्यामुळे ती किती वर्षं एकटी पडली होती, तेही आठवलं.

"तर कदाचित आणखी काही वर्षं मिळाली असती, काका," मी म्हटलं. "कदाचित. नक्की नाही सांगता येत. आणि न्यायला मी तेव्हा तुमच्याबरोबर यायला हवं होतं."

ते माझ्याकडे वळले. रागावतील असं वाटलं. पण त्यांनी मान हलवली, एकदा, संथपणे.

"बरं केलंस सांगितलंस," ते म्हणाले. "बाकीचे म्हणतात, तिचे दिवस भरलेच होते."

मग त्यांनी बाही वर केली. मी पट्टा बांधला. वरचं ब्लडप्रेशर थोडं जास्त होतं. रात्री झोप लागते का, विचारलं. लागत नाही म्हणाले. जेवता का, तर लेक डबा पाठवते, अर्धा उरतो. मी देवासला डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी एका औषधाची मात्रा वाढवायला सांगितली, आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून ते आणून मी काकांच्या हातात दिलं.